वॉटरगेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.ए.च्या वर्गाला अमेरिकेची शासनपद्धती शिकवताना १९७४ साल आलं की तो तास माझ्या हातातून जातो. धडा बाजूला पडतो आणि प्रश्न सुरू होतात. वर्गाबाहेरही, ओळखीतल्या वाचणाऱ्या मंडळींकडून तेच प्रश्न फिरून फिरून येतात. शेवटी एकदाची उत्तरं लिहून काढली. क्रमाने वाचायची सक्ती नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वॉटरगेट हे माणसाचं नाव आहे की जागेचं?

जागेचं. वॉशिंग्टन शहरात पोटोमॅक नदीच्या काठी हॉटेल, फ्लॅट आणि कचेऱ्या असलेला इमारतींचा एक समूह आहे, त्याचं हे नाव. १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं राष्ट्रीय कार्यालय तिथल्या कचेऱ्यांच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर होतं. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन हे रिपब्लिकन पक्षाचे, म्हणजे हे विरोधकांचं कार्यालय. तिथल्या घुसखोरीपासून निक्सन यांच्या राजीनाम्यापर्यंतच्या सव्वादोन वर्षांच्या सगळ्या प्रकरणाला आज वॉटरगेट म्हणतात.

२. त्या रात्री नेमकं काय घडलं?

१७ जून १९७२, मध्यरात्र उलटून गेलेली. फ्रँक विल्स हा २४ वर्षांचा वॉचमन इमारतीत फेरी मारत होता. तळघरातल्या गाड्यांच्या जागेकडून जिन्याकडे जाणाऱ्या दाराच्या खटक्यावर कोणीतरी चिकटपट्टी लावली होती, म्हणजे दार ओढलं तरी कुलूप लागायचं नाही. सफाईवाल्यांनी ये-जा करायला लावली असेल, असं समजून त्याने ती काढली आणि समोरून खायला आणायला गेला. परत येऊन बघतो तर खटक्यावर पट्टी पुन्हा हजर. मग मात्र त्याने पोलिसांना फोन केला.

आणखी एक गंमत म्हणजे पट्टी आडवी लावली होती, म्हणून दार बंद असतानाही ती बाहेरून दिसत होती. उभी लावली असती तर दिसली नसती. सीआयएत नोकरी केलेल्या माणसांचं हे काम!

आलेले पोलीस साध्या कपड्यांत होते आणि गाडीवरही पोलिसांची खूण नव्हती. त्यामुळे समोरच्या मोटेलमधून पहारा ठेवणाऱ्या साथीदाराला धोका उशिरा कळला. रात्री अडीचच्या सुमाराला पाच जण पकडले गेले. अंगावर सूट, हातात शस्त्रक्रियेचे रबरी मोजे, जवळ कॅमेरे, फोनवरचं बोलणं चोरून ऐकण्याची उपकरणं आणि शंभर-शंभर डॉलरच्या नोटा, त्याही ओळीने क्रमांक असलेल्या. मे महिन्याच्या अखेरीस हीच मंडळी एकदा आत जाऊन आली होती. त्या वेळी बसवलेली उपकरणं नीट चालेनात, म्हणून ही दुसरी खेप.

फ्रँक विल्सला आठवड्याला ८० डॉलर पगार होता. पुढे त्याचं आयुष्य हलाखीत गेलं आणि २००० साली तो वारला. पाठ्यपुस्तकात त्याला बहुतेक एक ओळ मिळते, म्हणून मी इथे जास्त दिल्या.

३. पण चोरांचा आणि राष्ट्राध्यक्षांचा संबंध जुळला कुठून?

पहिल्याच दिवशी. पाचांपैकी जेम्स मॅकॉर्डला न्यायाधीशांनी आधीची नोकरी विचारली, तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, सीआयए. हा मॅकॉर्ड निक्सन यांच्या निवडणूक समितीचा सुरक्षाप्रमुख निघाला. दोघांकडच्या पत्त्यांच्या वह्यांत हॉवर्ड हंटचं नाव होतं आणि हंट व्हाइट हाउससाठी काम केलेला माणूस. निवडणूक समितीकडे आलेला २५,००० डॉलरचा एक चेक पकडलेल्यांपैकी बार्करच्या मायामीतल्या बँक खात्यात जमा झाल्याचंही बाहेर आलं.

यातून फार तर निवडणूक समिती अडकत होती. राष्ट्राध्यक्ष स्वतः अडकले ते नंतरच्या निस्तरण्यात. पकडलेल्यांनी तोंड उघडू नये म्हणून चार लाख डॉलरहून जास्त रोकड गुपचूप पोचवली गेली. पोचवणाऱ्यांपैकी एक होता टोनी उलासेविच, न्यूयॉर्कचा माजी पोलीस. तो सार्वजनिक फोनवरून इतके फोन करायचा की सुट्ट्या नाण्यांनी खिसे फाटायला आले. शेवटी त्याने बसकंडक्टर कमरेला लावतात तसलं नाणी सोडायचं यंत्रच घेतलं. सिनेटच्या समितीपुढे त्याने ही हकीकत सांगितली तेव्हा हशा पिकला होता.

४. निक्सन ४९ राज्यं जिंकले होते ना? मग या भानगडीची गरजच काय होती?

नव्हतीच. नोव्हेंबर १९७२ मध्ये ५० पैकी ४९ राज्यं त्यांना मिळाली. प्रतिस्पर्धी जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या वाट्याला फक्त मॅसॅच्युसेट्स आणि राजधानीचा भाग आला.

मात्र हा उद्योग १९७२ च्या निवडणुकीसाठी अचानक सुरू झालेला नव्हता. १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं डॅनिएल एल्सबर्ग यांनी वृत्तपत्रांना दिली. गुपितं फुटू नयेत म्हणून व्हाइट हाउसने एक टोळी उभी केली आणि गळती थांबवणारे म्हणून तिला नाव पडलं ‘प्लंबर’. सप्टेंबर १९७१ मध्ये या टोळीने एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना फोडला. त्याची आखणी करणारे हंट आणि गॉर्डन लिडी हेच दोघे वॉटरगेटच्या मागेही होते. सवय आधीच लागलेली होती.

५. घुसखोरीचा हुकूम निक्सन यांनीच दिला होता का?

वॉटरगेटमध्ये शिरा, असं त्यांनी आधी सांगितल्याचा पुरावा त्यांच्या ऑफिसातल्या संभाषणांच्या टेपमध्ये (प्रश्न ८) सापडलेला नाही. डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात त्या रात्री नेमकं काय शोधायचं होतं, यावरही अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

म्हणून निक्सन भोळे ठरत नाहीत. वॉशिंग्टनमधल्या ब्रुकिंग्ज या अभ्याससंस्थेची तिजोरी फोडून कागद आणा, असं १९७१ च्या उन्हाळ्यात ते सहकाऱ्यांना सांगताना टेपवर स्पष्ट ऐकू येतात. ते काम प्रत्यक्षात झालं नाही, एवढंच. आणि घुसखोरीनंतर सहाव्या दिवशी त्यांनी जे केलं त्याला तर काही उत्तरच नव्हतं (प्रश्न १२).

६. दोन तरुण वार्ताहरांनी निक्सनना घरी बसवलं, हे खरं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर ऐकून विचारणारा हमखास हिरमुसतो. अर्धंच खरं आहे.

वॉशिंग्टन पोस्टच्या बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन यांनी १९७२ चा उन्हाळा-हिवाळा हा विषय धगधगता ठेवला. बाकी बहुतेक पत्रं त्याला किरकोळ घरफोडी समजत असताना हे दोघे दारोदार फिरले. त्याचं मोल कमी नाही. पण त्यांच्या बातम्या छापून आल्या आणि त्यानंतर निक्सन विक्रमी बहुमताने निवडून आले. मतदारांना फरक पडला नव्हता. शिवाय त्या बातम्यांतला बराच ऐवज एफबीआयच्या तपासात आधीच गोळा झालेला होता.

पुढचं काम ज्यांनी केलं त्यांच्यावर चित्रपट निघत नाहीत. न्यायाधीश जॉन सिरिका जानेवारी १९७३ च्या खटल्यात सरळ म्हणत होते की खरी हकीकत अजून बाहेर आलेली नाही. कडक शिक्षेच्या धास्तीने मॅकॉर्डने त्यांना पत्र लिहिलं: साक्षीदार खोटं बोलले, गप्प राहायला दबाव होता. सिरिकांनी ते २३ मार्चला भर कोर्टात वाचून दाखवलं आणि तिथून बांध फुटला. सिनेटने सॅम एर्व्हिन यांच्या अध्यक्षतेखाली समिती फेब्रुवारीतच नेमली होती, ती ७७ विरुद्ध शून्य मतांनी. विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स आले. व्हाइट हाउसचे वकील जॉन डीन यांनी जूनमध्ये २४५ पानांचं निवेदन टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर एकसुरी आवाजात वाचलं आणि राष्ट्राध्यक्षांचं नाव थेट घेतलं.

सिरिका रिपब्लिकन होते. टेपचं गुपित फोडणारा प्रश्न समितीतल्या रिपब्लिकन बाजूच्या कर्मचाऱ्याने विचारला (प्रश्न ८). निक्सननीच नेमलेल्या सरन्यायाधीशांनी त्यांच्याविरुद्ध निकाल लिहिला (प्रश्न ९). स्वतःच्या बाजूची माणसं नेमाने आपापलं काम करत राहिली, म्हणून निक्सन गेले.

ता.क. ‘पैशाचा माग काढा’ हे गाजलेलं वाक्य या दोन वार्ताहरांवरच्या १९७६ च्या चित्रपटातलं आहे. वार्ताहरांना तसं प्रत्यक्षात कोणी सांगितल्याची नोंद नाही.

७. ‘डीप थ्रोट’ कोण होता?

वुडवर्डना आतली माहिती पुरवणाऱ्या गुप्त माणसाचं हे टोपणनाव. तो होता मार्क फेल्ट, एफबीआयमधला दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी. वुडवर्डना तो रात्री गाड्यांच्या तळघरात भेटायचा. ३३ वर्षं नाव गुप्त राहिलं. २००५ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्याने स्वतःच सांगितलं.

त्याला सत्याचा पुजारी म्हणायच्या आधी एक गोष्ट लक्षात घ्या. एफबीआयचे प्रमुख हूवर मे १९७२ मध्ये वारले आणि फेल्टला डावलून निक्सननी बाहेरचा माणूस नेमला. वर, एका डाव्या गटाच्या नातेवाइकांच्या आणि ओळखीच्यांच्या घरांत वॉरंटशिवाय शिरायला परवानगी दिल्याबद्दल १९८० मध्ये फेल्ट स्वतःच दोषी ठरला. त्या खटल्यात त्याच्या बाजूने साक्ष द्यायला कोण आलं असेल? निक्सन. पुढच्या वर्षी रेगननी त्याला माफी दिली.

८. स्वतःच्याच ऑफिसात टेप कशाला लावायच्या?

टेप लावणारे निक्सन पहिले नव्हेत. केनेडी, जॉन्सन यांनीही संभाषणं टेप केली होती. फरक असा की त्यांना बटण दाबावं लागायचं. निक्सनचं यंत्रांशी अजिबात जमत नसे, म्हणून फेब्रुवारी १९७१ मध्ये आवाज झाला की आपोआप सुरू होणारी यंत्रणा बसवली. ओव्हल ऑफिसमध्ये टेबलातच पाच मायक्रोफोन आणि शेकोटीच्या दोन बाजूंना एकेक. हेतू होता पुढे आठवणी लिहायला नोंद असावी, आणि आत एक बोलून बाहेर दुसरं सांगणाऱ्यांना पकडता यावं. बटण नसल्यामुळे काय टेप करायचं आणि काय नाही हे ठरवायची सोयच उरली नाही. शिव्या, कटकारस्थानं, कपबशांचे आवाज, सगळंच फितीवर जमा झालं.

हे अगदी मोजक्या लोकांना ठाऊक होतं. १३ जुलै १९७३ च्या शुक्रवारी सिनेटच्या समितीचे कर्मचारी अलेक्झांडर बटरफील्ड या माजी सहायकाशी बोलत होते. डोनाल्ड सँडर्स या रिपब्लिकन बाजूच्या कर्मचाऱ्याने सहज विचारावं तसं विचारलं की संभाषणं टेप होत होती का. बटरफील्डने ठरवलं होतं की आपण होऊन सांगायचं नाही, पण थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही. सोमवारी त्याने तेच टीव्हीवर सगळ्या देशासमोर सांगितलं. डीन खरे की राष्ट्राध्यक्ष (प्रश्न ६), हा तोवर शब्दाविरुद्ध शब्द असा वाद होता. आता त्याचा निवाडा करणारी फीत होती.

९. मग त्या टेप जाळून का नाही टाकल्या?

बटरफील्डची साक्ष झाली तेव्हा निक्सन न्यूमोनियाने रुग्णालयात होते. एक वकील म्हणत होता जाळा, दुसरा म्हणत होता की हा पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा होईल. आठवडाभरात समितीची आणि कॉक्स यांची मागणी आलीच. मग जाळणं म्हणजे उघड कबुली झाली असती. शिवाय राष्ट्राध्यक्षांच्या गोपनीयतेचा अधिकार कोर्टात टिकेल, असा निक्सनना भरवसा होता.

टिकला नाही. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८-० असा निकाल दिला: असा अधिकार असतो, पण फौजदारी खटल्याला लागणाऱ्या पुराव्यापुढे तो सरसकट चालत नाही. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर आणि आठांपैकी आणखी दोघे निक्सननीच नेमलेले होते. नववे न्यायमूर्ती रेन्क्विस्ट पूर्वी याच सरकारच्या न्यायखात्यात होते, म्हणून बाजूला राहिले.

१०. साडेअठरा मिनिटांची पोकळी काय आहे?

२० जून १९७२ च्या, म्हणजे अटकेच्या तीन दिवसांनंतरच्या टेपमध्ये साडेअठरा मिनिटं नुसती घरघर आहे. निक्सन त्यात मुख्य सहायक हाल्डेमन यांच्याशी बोलत होते आणि हाल्डेमन यांच्या टिपणांप्रमाणे विषय वॉटरगेटच होता.

निक्सन यांच्या सेक्रेटरी रोझ मेरी वुड्स म्हणाल्या, फोन घेताना पाय पेडलवर राहिला, त्यात पाचेक मिनिटं माझ्याकडून पुसली गेली असतील. छायाचित्रकारांना त्यांनी ते करूनही दाखवलं: एक पाय पेडलवर, आणि पूर्ण ताणलेला हात मागच्या टेलिफोनवर. तो फोटो एकदा पाहा आणि त्याच अवस्थेत पाच मिनिटं राहून बघा! तज्ज्ञांनी सांगितलं की फीत किमान पाच वेळा वेगवेगळी पुसली आहे. कोणी पुसली, हे सिद्ध झालं नाही.

११. ‘शनिवार रात्रीचं हत्याकांड’ म्हणतात त्यात माणसं मेली का?

नाही, नोकऱ्या गेल्या. विशेष सरकारी वकील कॉक्स (प्रश्न ६) टेपचा हट्ट सोडेनात. २० ऑक्टोबर १९७३ ला निक्सननी ॲटर्नी जनरल (देशाचे मुख्य कायदाअधिकारी) रिचर्डसन यांना कॉक्सना काढायला सांगितलं, तेव्हा रिचर्डसननी स्वतःच राजीनामा दिला. उपप्रमुख रकल्सहाउस यांनीही नकार दिला आणि गेले. तिसऱ्या क्रमांकाच्या रॉबर्ट बोर्क यांनी अखेर सही केली. तारांचा इतका पाऊस पडला की निक्सनना नवा विशेष वकील, लिऑन जॅवर्स्की, नेमावा लागला. त्यांनीही टेपच मागितल्या.

१२. निक्सनवर महाभियोग झाला, हे बरोबर आहे का?

परीक्षेत हमखास चुकणारा प्रश्न. नाही, झाला नाही.

अमेरिकेत महाभियोग म्हणजे प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने आरोप ठेवणं. त्यानंतर सिनेटमध्ये सुनावणी होते आणि पदावरून काढायला दोन-तृतीयांश मतं लागतात. निक्सन यांच्या बाबतीत गाडी पहिल्या पायरीच्याही अलीकडे थांबली. प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीने जुलै १९७४ च्या अखेरीस तीन आरोप मंजूर केले: न्यायात अडथळा (२७-११), सत्तेचा गैरवापर (२८-१०), संसदेच्या समन्सांना धुडकावणं (२१-१७). कंबोडियातली गुप्त बाँबफेक आणि करचुकवेगिरी हे दोन आरोप समितीनेच फेटाळले. सभागृहात मतदान व्हायच्या आधी राजीनामा आला.

घाई झाली ती ५ ऑगस्टमुळे. न्यायालयाच्या निकालाने खुली झालेली २३ जून १९७२ ची टेप त्या दिवशी बाहेर आली. एफबीआयचा तपास सीआयएकरवी थांबवायच्या बेताला निक्सन मान्यता देताना त्यात ऐकू येतात. समितीत शेवटपर्यंत त्यांच्या बाजूने मत दिलेले रिपब्लिकनही फिरले. ७ तारखेला सिनेटर गोल्डवॉटर आणि पक्षाचे दोन नेते भेटून सांगून आले की सिनेटमध्ये मतं नाहीत. ८ च्या रात्री टीव्हीवर भाषण, ९ ला दुपारी राजीनामा लागू. त्या पत्राचा मजकूर एका वाक्याचा आहे.

महाभियोग खरोखर झालेले राष्ट्राध्यक्ष तीन: अँड्र्यू जॉन्सन, क्लिंटन आणि (दोनदा) ट्रम्प. सिनेटने दोषी कोणालाच ठरवलं नाही.

१३. निक्सन तुरुंगात का गेले नाहीत?

८ सप्टेंबर १९७४ ला नवे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना संपूर्ण माफी दिली. खटला भरलाच नव्हता, तरी पूर्ण कारकीर्दीतल्या संघराज्याच्या कायद्याखालच्या गुन्ह्यांना ती लागू होती. आधीच सौदा ठरला होता अशी कुजबुज झाली, पुरावा कधी मिळाला नाही. १९७६ मध्ये फोर्ड थोडक्यात हरले, त्यात या माफीचा वाटा मोठा.

हाताखालचे मात्र गेले. माजी ॲटर्नी जनरल जॉन मिचेल, म्हणजे देशाचा माजी मुख्य कायदाअधिकारी, १९ महिने आत होता. निक्सन यांचे जवळचे सहायक हाल्डेमन आणि अर्लिकमन दीड-दीड वर्ष. तोंड न उघडणारा लिडी सगळ्यांत जास्त, चार वर्षांहून अधिक.

१४. उपराष्ट्राध्यक्ष ॲग्न्यू पण वॉटरगेटमध्येच गेले ना?

नाही, ते वेगळंच प्रकरण. मेरीलँडमधल्या कंत्राटदारांकडून पाकिटं घेत असल्याचं उघड झालं आणि १० ऑक्टोबर १९७३ ला त्यांनी पद सोडलं. योगायोगाने काळ तोच.

१५. मग फोर्डना निवडलं कोणी?

मतदारांनी नाही. १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार रिकाम्या उपराष्ट्राध्यक्षपदावर राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो आणि दोन्ही सभागृहं मंजुरी देतात. ॲग्न्यूंच्या जागी फोर्ड तसे आले, मग निक्सन गेल्यावर वर सरकले. त्यांनी नेल्सन रॉकफेलर यांना उपराष्ट्राध्यक्ष केलं तेही तसंच. म्हणजे डिसेंबर १९७४ पासून दोन वर्षं दोन्ही सर्वोच्च पदांवर लोकांनी त्या पदांसाठी न निवडलेली माणसं होती.

१६. इंदिराजींनी १९७५ मध्ये आणीबाणी लावली. निक्सननी तसं का केलं नाही?

आपल्याकडेच विचारला जाणारा प्रश्न, आणि चांगला. निक्सन मनाने जास्त लोकशाहीवादी होते, हे उत्तर मला पटत नाही. आपल्या घटनेत तेव्हा ‘अंतर्गत अशांतता’ या कारणावर आणीबाणी जाहीर करून मूलभूत हक्क बाजूला ठेवायची तरतूद होती. अमेरिकेच्या घटनेत तसं कलम नाही. दुसरं, इंदिराजींच्या पाठीशी लोकसभेत दोन-तृतीयांश बहुमत होतं. निक्सन यांच्या समोर दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षाचं बहुमत होतं, आणि शेवटी स्वपक्षही उरला नाही.

१७. इंदिरा गांधींबद्दल निक्सन अपशब्द बोलले ते याच टेपमध्ये आहे का?

हो, हीच यंत्रणा. नोव्हेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या तोंडावर इंदिराजी वॉशिंग्टनला गेल्या. भेटीच्या दुसऱ्या दिवशी निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर इंदिराजींविषयी आणि एकूण भारतीयांविषयी जे बोलले ते २००५ मध्ये उघड झालं. किसिंजरनी खेद व्यक्त केला. निक्सन १९९४ मध्येच वारले होते. ते शब्द इथे देत नाही, ही फाइल वर्गातल्या मुलांनाही देते.

१८. प्रत्येक घोटाळ्याला ‘गेट’ का लावतात?

वॉटरगेटचं शेपूट. अर्थ काही नाही, वर्तमानपत्रांची सोय. आपल्याकडे कोळसा खाणवाटपाला ‘कोलगेट’ म्हणाले, तेव्हा माझ्या आईने विचारलं होतं, टूथपेस्टमध्ये काय सापडलं?

१९. टेप ऐकायला मिळतात का?

मिळतात. एकूण सुमारे ३,७०० तासांच्या आहेत आणि बहुतेक खुल्या झाल्या आहेत. कॅलिफोर्नियातलं निक्सन ग्रंथालय सरकारी अभिलेखागाराकडे आहे, त्यांच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात. राष्ट्राध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मालमत्ता, असा तोवर समज होता. १९७४ च्या कायद्याने या टेप सरकारने ताब्यात घेतल्या आणि १९७८ च्या कायद्याने पुढच्या सगळ्यांचेच कागद देशाचे झाले.

आवाज खराब आहे. पहिल्या खेपेला मला वीस मिनिटांत चार वाक्यं कळली. हेडफोन लावा, शेजारी उतारा उघडून ठेवा आणि २१ मार्च १९७३ च्या सकाळपासून सुरुवात करा. तरुण डीन ‘राष्ट्राध्यक्षपदाजवळ कर्करोग वाढतोय’ म्हणून इशारा देतो, गप्प बसवायला दहा लाख डॉलर लागतील म्हणतो. निक्सन दचकत नाहीत. तेवढी रोकड मिळेल, कुठून ते मला माहीत आहे, एवढंच म्हणतात.